मागच्या सीटची तीन कव्हरं

आमची गाडी सेकंडहँड आहे आणि तिची आतली स्वच्छता हे रविवारी सकाळचं माझं काम आहे. बायको म्हणते, "घरात देव नाही, पण गाडीची पूजा चुकत नाही." मी उत्तर देत नाही, कारण तेवढ्या वेळात दोन मॅट झटकून होतात.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी चारही दरवाजे उघडायचे, मॅट बाहेर काढायच्या, मग कोरड्या ब्रशनं सगळं झाडून घ्यायचं आणि ओलं फडकं शेवटी. सुरुवातीलाच ओलं फडकं घेतलं तर धुळीचा चिखल होतो आणि तो कापडात मुरतो. डॅशबोर्डवर चकाकीचं पॉलिश मी लावत नाही. त्याला धूळ जास्त चिकटते, आणि उन्हात त्याची झळाळी समोरच्या काचेत दिसून डोळ्यांना त्रास होतो. सीटची कव्हरं महिन्यातून एकदा काढून धुतो. अर्धी बादली पाण्याला साबणाची पावडर एक चमचा. जास्त पावडर टाकली म्हणजे कापड जास्त स्वच्छ होतं असं नाही. उलट ती नीट निघत नाही आणि कापड चिकट होतं. आमच्या मोहाडी गावात ओळखीच्या बऱ्याच लोकांनी कव्हर एकदा चढवलं की ते गाडी विकेपर्यंत उतरवलेलं नाही. उशीचा अभ्रा धुणारी माणसं सीटचा अभ्रा धुवायला कंटाळतात, याचं मला नवल वाटतं.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाच्या गाडीत मागच्या पावसाळ्याच्या शेवटी वास यायला लागला.

झालं असं. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दाखवायला आम्ही भंडाऱ्याला गेलो होतो. मी, बायको आणि आई. आई मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी. येताना रस्त्याकडेला तळ्यातून काढलेले ताजे शिंगाडे विकायला होते. आईनं गाडी थांबवायला लावली, भाव केला, आणि ओल्या शिंगाड्यांची कापडी पिशवी पायाशी ठेवली. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूची वाहनं सोडत होते, दुसऱ्या बाजूची अडवत होते. आमच्यापुढे सोळा गाड्या होत्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"बाबू, किती येळ लागन?" आईनं विचारलं.

"दहा मिनिटं."

अर्धा तास लागला. आई पुन्हा काही बोलली नाही. घरी पोहोचल्यावर ती खाली उतरेना. "तुमी जा घरात, मी येतो हळूहळू," म्हणाली. मी चावी घेऊन आत गेलो. थोड्या वेळानं मॅटवर काही सांडलंय का बघायला बाहेर आलो, तर मागच्या सीटचं कव्हर बायकोनं आधीच काढून बादलीत भिजत घातलेलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारू नका अशी मान हलवली. मी समजलो. त्याबद्दल घरात कोणी काही बोललं नाही. आईही नाही.

पाचसहा दिवसांनी वास सुरू झाला. सकाळी कमी, दुपारी गाडी उन्हात बंद राहिली की दरवाजा उघडताच नाकाला भिडणारा. मी कव्हर पुन्हा धुतलं. नंतर खायचा सोडा सीटवर पसरून रात्रभर ठेवला आणि सकाळी झाडून काढला. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी वास होताच. गाडीत टांगायच्या सुगंधी कागदावर माझा विश्वास नाही. वासावर वास चढवला की दोन वास होतात.

एका रविवारी शेजारी फाटकाशी आला. मी दरवाजे उघडून उभा होतो. त्यानं आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"भाऊ, गाडीत उंदीरगिंदीर मेला का काय? येवढी धुऊन राहिले तुमी, तरी मुतारीसारखा वास येऊन राहिला!"

तो हसला, मीही ओठ ताणले. आई घरापुढच्या छपरीत बसून तांदूळ निवडत होती. तिनं सूप उचललं आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून आई गाडीत बसेनाशी झाली. बाजाराला, दवाखान्याला, कशालाच नाही. "मले मळमळते," एवढंच कारण. याआधी तिला गाडीत कधी मळमळलं नव्हतं.

अशातच सानगडीहून मावशीचा फोन आला. मावशी आईची धाकटी बहीण. त्या भागातल्या एका विहारात अश्विन पौर्णिमेला वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, समाप्तीचा कार्यक्रम असतो. दोघी बहिणी दरवर्षी पांढऱ्या साड्या नेसून तिथं शेजारी बसतात. मागच्या वर्षी मावशीच्या गुडघ्याचं निमित्त झालं आणि दोघींची भेट झाली नाही.

"या वर्षी येजो वो बाई," मावशी फोनवर ओरडून बोलत होती, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "मी का आता पोरगी राह्यली का, दरसाल वाट पाह्याले?"

"येतो ना," आई म्हणाली. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "मी बसनं जाईन."

मोहाडी ते सानगडी म्हणजे भंडारा, लाखनी, साकोली करत सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर. गाडीनं दोन तास. बसनं किमान तीन गाड्या बदलायच्या, आणि बस काही आईसाठी मध्येच थांबणार नाही. हा हिशेब आईलाही कळत होता. बसनं जाईन म्हणजे जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. दोघी सत्तरीच्या पुढच्या आहेत. पुढच्या वर्षावर टाकावं अशी ही गोष्ट नव्हती.

मी ठरवलं की वास नेमका कुठून येतो ते शोधायचं. आधी कव्हर काढून अंगणात नेलं आणि नाकाशी धरलं. साबणाचा वास, दुसरा नाही. मग गाडीत डोकं घालून सीटच्या फोमला नाक लावलं. किंचित दमट, पण हा तो वास नव्हे. मी खाली वाकलो तसा वास वाढला. म्हणजे तो सीटमध्ये नाही, सीटच्या खाली आहे. मागच्या सीटची बैठक बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या कडेला दोन ठिकाणी खटक्यात अडकवलेली असते. तिथं हात घालून जोरात वर ओढली की ती सुटते. इतकी वर्षं मी कव्हरं काढत होतो, पण बैठक कधी उचलली नव्हती. ओढली.

खाली पत्र्यावर काळ्या पाण्यात पाच शिंगाडे पडलेले होते. सडून लिबलिबीत झालेले, वर पांढरी बुरशी. पिशवी पायाशी कलंडली असणार, आणि बैठकीखालच्या फटीतून ते मागे घरंगळत गेले असणार.

मी ते चिमट्यानं उचलून एका पाटीत ठेवले आणि बायकोला हाक मारली. तिनं पाहिलं, पदर नाकाला लावला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई! अवो आई, बाहेर या! वासवाले सापडले!"

आई आली. पाटीत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे होय?" ती म्हणाली. "मंग माहा नव्हता थो वास?"

"नाही," मी म्हणालो. "तुझा नव्हता. कव्हर त्याच दिवशी धुतलं होतं. त्यात काहीही नाही. हवं तर वास घेऊन बघ."

तिनं खरंच कव्हर नाकाशी धरलं. मग ओट्यावर बसली आणि हसायला लागली. "पैसे देऊन घेतले होते. मले वाटे, पिशवीत कमी काहून भरले? बाईनं लुबाडलं म्हनून मी तिले मनात शिव्या देऊन राहिली होती."

बायकोही हसली. मला वाटलं, सुटलं. "मग पौर्णिमेला सकाळी सातला निघू," मी म्हणालो.

आईचं हसू थांबलं. "वासाचं झालं, बाबू. पण त्या दिवशी जे झालं थे तं झालंच ना."

असं म्हणून तिनं बायकोकडे पाहिलं. मुलासमोर पुढचं बोलणं तिला जड जात होतं हे मला दिसत होतं. मी पत्रा पुसायचं निमित्त काढून गाडीत डोकं घातलं. दरवाजे उघडे होते, त्यामुळे ऐकू येतच होतं. आई बायकोला हळू आवाजात सांगत होती. खोकला आला, शिंक आली, की आवरत नाही. हिवाळ्यापासून आहे. कुठं जायचं असलं की ती सकाळपासून पाणीच पीत नाही. त्या दिवशीही प्यायली नव्हती, तरी झालं.

"मंग आमाले सांगावं नाही का?" बायको म्हणाली. "पाणी न पिऊन का होते? तब्येत बिघडते फक्त. डॉक्टरबाईले दाखवू. आन् दुकानात पॅड भेटते मोठ्या मानसाचे, थे घेऊ."

"घेऊन देजो. पन पांढरी साडी राह्यते वो माही. आन् ह्याची गाडी. हा तं सीटवर पोह्याचा दाणा पडला तरी ब्रश घेऊन येते."

हे खोटं नव्हतं. मी पत्रा पुसत राहिलो.

बैठक पूर्ण बाहेर काढली होती, ती मी बाजेवर ठेवली. फोम सुकवायचा तर खालूनही वारा लागला पाहिजे, आणि त्यासाठी विणलेल्या बाजेसारखी दुसरी सोय नाही. दुपारी आई बाजेजवळ येऊन उभी राहिली. बैठकीवर वीत टाकत तिनं माप घेतलं.

"टेप आण," म्हणाली.

मी आणला. लांबी अठ्ठेचाळीस इंच, म्हणजे एका माणसाच्या जागेला सोळा, आणि खोली वीस. तिनं सांगितलं, मी कागदावर चौकोन काढला, आणि आईच्या जागेपुरतं कव्हर शिवायला घेतलं. आईची जुनी नऊवारी हिरवी सुती लुगडी ट्रंकेत होती. वर दोन पदर लुगड्याचे, मध्ये लहान बाळाखाली अंथरतात तसं मेणकापड, खाली जाड कापड, आणि चारही कोपऱ्यांना बांधायला कसे, म्हणजे कापडी नाड्या. मी सुचवलं की कशांऐवजी इलॅस्टिक लावू, ओढून चढवायला सोपं पडतं. आई म्हणाली, इलॅस्टिक चार धुण्यात ढिलं होतं, कसे टिकतात. ते खरं होतं. टाके तिनं गोधडीला घालते तसे घातले, जवळजवळ, म्हणजे बसताना मधलं कापड गोळा होत नाही. एक झाल्यावर मी बैठक परत गाडीत बसवली आणि ते डाव्या खिडकीशी बांधून बघितलं. बरोबर बसलं.

"झालं," मी म्हणालो.

"झालं कसं? आनखी दोन पायजे."

"कशाला? तू एकटीच तर बसणार मागे."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी पाढा चुकलो की पाहायची. "येकच लावलं तं माही जागा कोनती हे जो पाह्यल त्याले समजन. तिन्हीवर लावलं तं थे सीटचं कव्हर आहे. समजलं का?"

समजलं. मी माप अचूक घेतलं होतं, पण ही गोष्ट त्या मापात कुठंच नव्हती. तिन्ही कव्हरं एकसारखी झाली. डॉक्टरबाईंकडेही जाऊन आलो. त्यांनी काही व्यायाम सांगितले, पाणी तोडायचं नाही म्हणून आईला दम भरला, आणि हे खूप बायकांना होतं असंही सांगितलं. आईनं त्यातलं शेवटचं वाक्य घरी येऊन दोनदा सांगितलं.

पौर्णिमेला सातला निघालो. आई पांढऱ्या साडीत मागे, डाव्या खिडकीशी. पाण्याची बाटली तिनं स्वतः मांडीवर घेतली होती. भंडाऱ्यात एकदा थांबलो, लाखनीच्या पुढे एकदा. दोन्ही वेळा तिनंच सांगितलं, "बाबू, थांबव." आवाजात संकोच नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान पिवळं होऊ लागलं होतं, आणि आई कोणाचं किती भरलंय यावर बोलत होती.

सानगडीला मावशी दारात उभी होती. घरच्याच साडीत.

"काय वो, तयार नाही झाली?" आईनं खिडकीतूनच विचारलं.

"तू ये आंधी, च्या पी. मी नाही येत विहारात. गुडघा."

"मागच्या साली बी गुडघाच होता."

"मंग? येका सालात नवा गुडघा येते का?"

विहार तिथून चारेक किलोमीटर, शेताच्या रस्त्यानं. आई खाली उतरली. चालताना मावशीचा गुडघा मला तरी बरा वाटला. चहा आणायला ती भरभर आत गेली आणि भरभर बाहेर आली. आईनंही ते पाहिलं असणार. चहा झाल्यावर ती मावशीला हाताला धरून गाडीपाशी घेऊन आली, मागचा दरवाजा उघडला आणि हिरव्या कव्हराचा कोपरा उलटून दाखवला. आतलं मेणकापड दाखवलं, कसे दाखवले. मी आणि बायको ओट्यावर होतो. दोघींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मावशी एकदा आमच्याकडे बघत होती, एकदा सीटकडे. मग तिचा चढा आवाज तेवढा ऐकू आला.

"तुले बी?"

"मंग! डॉक्टरबाई म्हने लय बायकाले होते."

"आन् मी येडी घरात बसली दोन सालापासून!"

बायको उठली, पिशवीतून पॅडचं पाकीट काढलं आणि मावशीला घेऊन आत गेली. मी सीटवरची तिन्ही कव्हरं उगाच सारखी केली. थोड्या वेळानं मावशी पांढऱ्या साडीत बाहेर आली. गाडीत चढताना तिनं थांबून विचारलं, "मी कोनत्या जाग्यावर बसू?"

"कोनत्याबी बस," आई म्हणाली. "तिन्ही सारख्या आहेत."