डब्यावरचा ओला कागद

बडेबाबूंच्या टेबलावर पंधरा वर्षं संगणक होता आणि त्यांचा त्याच्याशी संबंध फक्त वरच्या बाजूनं होता. पडद्यात काय दिसतं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. सकाळी आल्याबरोबर ते मला तो चालू करायला लावत, दहा मिनिटांनी त्याच्या डोक्यावर पालथा हात ठेवून ताप आलेल्या पोराचं बघावं तसं बघत, आणि पुरेसा गरम झाला म्हणजे कामाला बसत.

पाठीला भलंमोठं पोक असलेला जुना मॉनिटर तो. त्याला सगळे डबा म्हणत. आमचं गडचिरोलीतलं कार्यालय नेमकं कोणतं ते सांगत नाही. न सांगताही चार-पाच कार्यालयं स्वतःला ओळखतीलच. बडेबाबू तिथले मुख्य लिपिक आणि मी कंत्राटी ऑपरेटर. ते मला नावानं नाही, ऑपरेटर म्हणूनच हाक मारत.

डब्याच्या डोक्यावर त्यांचा सगळा संसार असे. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, कारण ऊब लागली की सुपारी नरम राहते. बायकोनं दिलेली पोळी-भाजी. पावसाळ्यात पायमोजे. एकदा पाहणीला आलेल्या साहेबांनी त्या पायमोज्यांकडे बोट दाखवून हे काय आहे, असं विचारलं. "सुकून राह्यले साहेब," बडेबाबू म्हणाले. कार्यालयात प्रश्नाला सरळ उत्तर मिळायची सवय नसल्यानं साहेब गोंधळले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

पण डब्याचा खरा मान ओल्या कागदांना होता. पावसाळ्यात भामरागड, एटापल्लीकडची माणसं नाले ओलांडून, दोन बस बदलून येत, तोवर त्यांचे अर्ज भिजून लगदा व्हायच्या बेतात असत. बडेबाबू तो कागद दोन्ही हातांनी घेत, डब्यावर पसरत आणि वर शिक्का ठेवत. "पयले वाळू दे, मंग वाचू," असं म्हणत. वाळलेला कागद त्याच दिवशी निकाली निघे. डब्याचं डोकं रिकामं झाल्याशिवाय घरी जायचं नाही, हा त्यांचा नियम होता. सहाच्या सुमाराला ते उभे राहत, डब्यावरून हात फिरवत, "वरचं सारं झालं," म्हणत आणि छत्री उचलत.

यावरून बडेबाबू कार्यतत्पर होते असा समज करून घेऊ नका. कोरडा कागद घेऊन येणाऱ्याचा अर्ज मागच्या लोखंडी कपाटात जाई, आणि त्या कपाटातून कागद बाहेर येताना मी फार क्वचित पाहिला. म्हणजे आमच्या कार्यालयात काम व्हायला एकच पात्रता लागत होती, ती म्हणजे भिजणं. गावातल्या हुशार लोकांच्या हे लवकरच लक्षात आलं. भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, सभ्य माणसं आवारातल्या नळाखाली अर्ज धरून आत येऊ लागली. बडेबाबू कागद नाकाशी नेत आणि परत करत. "नळाचं हाय हे. नाल्याचं असतं तं माती लागली असती," एवढंच ते म्हणत. अर्जाची इतकी कसून छाननी आमच्याकडे दुसऱ्या कुठल्याच टेबलावर होत नव्हती.

मग नवे सपाट मॉनिटर आले. सगळ्या कार्यालयानं चहा मागवून त्यांचं स्वागत केलं. मी बडेबाबूंचा डबा उचलून मागच्या खोलीत ठेवला आणि नवा पडदा लावून दिला. रंग किती छान दिसतात, वीज किती वाचते, डोळ्यांना त्रास कसा होत नाही, हे सगळं मी मोठ्या हौसेनं सांगितलं. त्यांनी पडद्याच्या वरच्या कडेवरून एक बोट फिरवलं. ती कड त्या बोटाइतकीच रुंद होती. "याच्यावर ठिवाचं काय?" त्यांनी विचारलं. मला फार हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

त्याच आठवड्यात एटापल्लीपलीकडच्या एका गावातून एक बाई आली. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, त्यासाठी दाखला हवा होता, आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते. गोंडीत थोडं, मराठीत थोडं असं करून तिनं ते तीन वेळा सांगितलं. शाळेचे आणि ग्रामपंचायतीचे मूळ कागद अर्जाला टाचलेले होते आणि सगळे ओलेचिंब होते. बडेबाबूंनी ते दोन्ही हातांनी घेतले, उद्या ये म्हणाले, आणि बोलता बोलता पंधरा वर्षांच्या सवयीनं नव्या पडद्याच्या डोक्यावर ठेवले. कागद पलीकडे घसरले आणि टेबल आणि भिंतीच्या फटीत गेले. बडेबाबू तेव्हा बाईला बसची वेळ सांगत होते.

मी पाहिलं. समोरच तर बसलो होतो. संध्याकाळी त्यांच्या लक्षात येईल, तेव्हा त्यांचा चेहरा बघू, असा माझा बेत होता. पण सहा वाजता बडेबाबू उठले, पडद्याच्या रिकाम्या कडेकडे पाहिलं, "वरचं सारं झालं," म्हणाले आणि छत्री घेऊन गेले. डोकं रिकामं म्हणजे काम संपलं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. मी चहाच्या टपरीवर ही गोष्ट रंगवून सांगितली. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी मावसबहिणीच्या लग्नाला चंद्रपूरला जायचं होतं, त्या गडबडीत कागदांची गोष्ट मी विसरून गेलो.

परत आलो तेव्हा बडेबाबू कपाट जमिनीवर ओतून बसले होते. बाई दोन दिवस बाकावर बसून होती. मी टेबल ओढलं आणि वायरींच्या गुंत्यातून कागद काढून दिले. अजून दमट होते. मुदत आदल्या संध्याकाळी संपली होती. बाईनं आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. तिनं शाळेचा कागद पदरानं पुसला, घडी केली आणि म्हणाली, "पुढच्या साली येतो."

दुसऱ्या दिवशी बडेबाबूंनी स्वतः तो जड डबा मागच्या खोलीतून उचलून आणला आणि नव्या पडद्याशेजारी ठेवला. डबा निर्लेखनाच्या यादीत गेला होता. निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तूचा मृत्यूचा दाखला. तो टेबलावर कसा, असं साहेबांनी विचारलं. चालत नाही ना तो, बंद पडलाय ना, असंही विचारलं. "बंद पडलेलं टेबलावर ठिवाचं नाई म्हनलं साहेब, तं आपल्या ऑफिसात किती टेबलं रिकामे होतीन," बडेबाबू म्हणाले. साहेबांनी नंतर तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी बाई आली, या वेळी उन्हाळ्यातच, महिनाभर आधी. शहाणी झाली होती. कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, एकदम कोरडे आणले होते. बडेबाबूंनी अर्ज घेतला. कपाटाकडे पाहिलं. मग प्यायच्या पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवली, अर्जावर चार थेंब शिंपडले आणि तो डब्यावर ठेवून वर शिक्का ठेवला. नियम मोडायचा नाही, म्हणून माणसानं किती खटपट करावी. थंड डब्यावर कागद काही वाळेना, तर पंख्याखाली हातात धरून उभे राहिले. दाखला तीन वाजता तिच्या हातात होता.

त्या पावसाळ्यात बडेबाबू निवृत्त झाले. शाल, नारळ, कर्तव्यदक्ष वगैरे भाषणं झाली. भाषणं करणाऱ्यांपैकी दोघांचे स्वतःचे अर्ज त्या कपाटात होते. बसस्टँडवर त्यांची पिशवी धरून मी उभा होतो तेव्हा मला राहवलं नाही. तो कागद पडताना मी पाहिला होता, असं सांगून टाकलं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "टपरीवाल्यानं सांगलं, पन बाई गेल्यावर."

"मंग मले बोलले काऊन नाई?"

त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. "बोललो असतो तं तू मोकळा झाला असता," म्हणाले आणि बसमध्ये चढले.

तो डबा आता माझ्या टेबलावर आहे, आणि अर्जही आता मीच घेतो. नवे ऑपरेटर त्याला हसतात. परवा भर उन्हात एक माणूस ओला अर्ज घेऊन आला. मी कागद नाकाशी नेला. पाणी नळाचंच होतं. मी त्याला बसायला सांगितलं, कागद डब्यावर पसरला आणि वर शिक्का ठेवला.