बोट पुस्तकात, सही रजिस्टरवर

गेल्या महिन्यातला मंगळवार. आमच्याकडे दर मंगळवारी पारूमावशी रानभाजी घेऊन येते, नऊच्या ठोक्याला. मधले तीन मंगळवार फिरकलीच नाही, आणि त्या दिवशी बाई साडेअकराला आली, गुडघ्यापर्यंत चिखल...

पारूमावशी वरच्या ठाकूरवाडीतली. वाडीतून आमच्या गावात उतरणारी जुनी पायवाट कुणीतरी तारेचं कुंपण घालून बंद केली होती. खाली नवा फार्महाऊस प्रोजेक्ट होतोय ना, तिथे. म्हणून ही ओढ्याकडून वळसा घालून आली होती, आणि शाळेची पोरंही आता तशीच येतात म्हणाली.

करटुली बाजूला ठेवून तिने कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढली. आत ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल. वाडीतल्यांनी अर्ज करून मिळवली होती, नातीने अक्षरं वाचलीही होती, पण 'सदर', 'नाहरकत', 'उपरोक्त' यातलं कुणाला काही कळेना. मावशी म्हणाली, "तू सारखी वाचत बसलेली असतेस गं. जरा बघ काय लिवलंय."

हे मात्र खरं. वाचनाचं वेड पप्पांकडून आलं. ते भिवपुरीच्या पॉवर हाऊसला होते, क्वार्टर्समधल्या आमच्या दोन खोल्यांत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. मी भेळेचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. आमचे हे म्हणतात, घराला आग लागली तरी ही पान संपवूनच उठेल!

आणि माझं राजकारण म्हणाल तर तेही पुस्तकांतूनच आलं. कुठल्या पक्षाच्या सभेला मी कधी गेले नाही. पण गाव सुटलेल्या, जमीन गेलेल्या माणसांच्या गोष्टी वाचून वाचून एक झालं... बातमी कुठलीही असो, मी आधी बघते की यात कुणाला हाकललं जातंय. दूरदूरच्या देशांतल्या विस्थापितांवर इथे आपल्या ग्रुपवर किती लांबलचक पोस्टी लिहिल्यात मी, तुम्ही सगळ्यांनी लाल बदाम पाठवलेत.

तर मी ऐटीत चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. ठरावात लिहिलं होतं की ही वाट आता कुणाच्या वापरात नाही, तेव्हा कुंपण घालायला ग्रामसभेची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर.

"मंग मी कुटून येत व्हते गं इतकी वर्सं?" मावशी म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. सर्वानुमते म्हणजे कोण हो? कोणी हात वर केले? नावं तरी बघू या दिवट्यांची, असं मोठमोठ्याने बोलत मी मागचं पान उलटलं. हजर असलेल्यांच्या सह्या होत्या. वाचत वाचत खाली आले आणि एका सहीवर थांबले...

माझी सही. पूर्ण नाव, मराठीत, पप्पांनी गिरवून घेतलेल्या वळणात.

मग आठवलं. मागच्या वर्षी ग्रामपंचायतीचे शिपाईदादा रजिस्टर घेऊन दारात आले होते. सभेला माणसं येत नाहीत, कोरम भरत नाही, मग ते बिचारे घरोघर फिरून सह्या घेतात. आमच्याकडे ही रीतच आहे. मी कादंबरीत गुंग होते. पान हरवू नये म्हणून डाव्या हाताचं बोट पुस्तकात तसंच ठेवलं आणि उजव्या हाताने सही ठोकून दिली. मान वर केली होती की नाही, तेही आठवत नाही.

खोटं कशाला बोलू... क्षणभर वाटलं, पान मिटावं. मावशीला कुठे वाचता येतंय? पण समोर ती चिखलाचे पाय घेऊन बसलेली. शेवटी सांगून टाकलं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिला खरोखरच उमजत नव्हतं. "वाचाया येतंय, आनि न वाचता सई केलीस? आमाला येत नाय, म्हणून आमी आंगठा द्यायच्या आदी चारदा इचारतो गं."

लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परवा ग्रामसभा होती. मी गेले. हो, जन्मात पहिल्यांदा! उभी राहिले आणि म्हटलं, वाटेचा ठराव झाला त्या सभेला मी नव्हते, माझी सही घरी घेतली, आणि मी ती न वाचता दिली. चूक माझी आहे. सरपंच म्हणाले, "ताई, तुम्हीसुद्धा?" तेवढ्यात मागून एक काका उठले, "माझी पण घरीच घेतलीय." मग आणखी चौघं. गंमत म्हणजे शिपाईदादांनीच 'हो' म्हणून मान हलवली.

बरीच बाचाबाची झाली. पण वाडीची पन्नासेक माणसं समोर बसलेली असताना वाट वापरात नाही असं कोण म्हणणार? नवा ठराव झाला, वाट वापरात आहे, कुंपण काढायला सांगावं. प्रत्यक्षात तार निघेल तेव्हा खरं.

मग रजिस्टर फिरलं. शाईचा पॅड पारूमावशीपुढे आला, तिने अंगठा टेकवला... आणि कागदावर उठवण्याआधी हात मागे घेतला. भरल्या सभेत माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आदी ही वाचून दाखवंल. सगळा. मंग आंगठा."

माझ्यावर विश्वास. अजूनही.

मी वाचला. पहिल्या ओळीपासून तारखेपर्यंत, प्रत्येक 'सदर' आणि 'उपरोक्त' सोडवून सांगत. आयुष्यात एवढं वाचलं, पण एका पानाला इतका वेळ मी कधीच दिला नव्हता. ती शाईचा अंगठा हवेत धरून शेवटपर्यंत ऐकत होती.