हळदीच्या मांडवातला टँगो

खरं सांगायचं तर मला नाचायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या, ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरात कुणाशी फारसं न बोलणाऱ्या माणसाला हे लिहितानाही कसंतरी होतं. पण आता लिहूनच टाकतो. मला बायकोसोबत नाचायचं होतं, आणि ते मागायला तोंड नव्हतं. लग्न नवंनवं असताना तिच्या भावाच्या वरातीत ती बेभान नाचत होती. मी दंड धरून तिला बाहेर काढलं. "लोक पाहून राह्यले," म्हणालो. त्यानंतर ती कुठल्याच वरातीत नाचली नाही. नाचणाऱ्यांच्या पर्सा सांभाळत कडेला उभी राहायची, हसतमुख.

मग कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर, टँगो भेटला, जोडीनं नाचायचा परदेशी नाच. पेटीसारखा भाता असलेलं एक जर्मन वाद्य, म्हणे चर्चच्या भजनांसाठी केलेलं. ते बोटीतून अर्जेंटिनाच्या बंदरात उतरलं आणि तिथल्या गरीब वस्त्यांत भलत्याच, म्हणजे टँगोच्या नादाला लागलं. पॅरिसने टँगोला सूट चढवला. तुर्कस्तानात तो लग्नांत शिरला. फिनलंडच्या लोकांनी त्याला उदास करून जंगलात, तळ्याकाठी नाचवलं. जंगल आणि तळी! मग आमच्या गावाकडच्या गडचिरोलीनंच काय घोडं मारलं?

मी दार लावून, लोडाला मिठीत घेऊन सराव सुरू केला. बायकोने पाहिलंच.

"अवो, लोडाले काऊन कवटाळलं?"

"कंबर दुखते."

"मंग कंबर धरा ना सोताची!"

मुलीची हळद आरमोरीकडच्या आमच्या गावी होती. वरातीत ढोल-बेंजो वाजवणाऱ्या धुमाल पार्टीच्या बेंजोवाल्याला मी टँगोची एक धून ऐकवली.

"भाऊ, हे तं अडकत-अडकत चालते. पब्लिक नाचन कसं?"

"मी नाचतो."

त्याने मला वरखाली न्याहाळलं. "मंग खालून ढोल आपला ठेवतो. म्हंजे पडणार नाई तुमी."

भर दुपारी मांडवात टँगो सुरू झाला, अर्धा बंदरातला, अर्धा वरातीतला. मी बायकोसमोर जाऊन हात पुढे केला.

"लोडावानी धरता का मले? सगळ्यायसमोर?"

पण पर्सा तिने माझ्या बहिणीच्या मांडीवर टाकल्या. माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, एक टोक मला दिलं, दुसरं स्वतः धरलं. "असं नाचू."

टँगोत पुरुषाने बाईला फिरवायचं असतं. हिने दुपट्ट्याला असा हिसका दिला की मीच गर्रकन फिरलो. मांडव किंचाळला. माझं डोकं गरगरत होतं, हसू आवरत नव्हतं, आणि त्या हसण्यातूनच इतकी वर्षं अडकलेलं बाहेर पडलं.

"तवा चुकलं माझं. तुझ्या भावाच्या वरातीत..."

"आता बोलू नोका," ती म्हणाली. "पाय चुकून राह्यले तुमचे."

खरंच चुकत होते. मी ती ओढेल तिकडे फिरत राहिलो. धून संपली, तशी ती बेंजोवाल्याकडे वळून ओरडली, "काऊन थांबला रे? वाजव!"