खाउडा विकणाऱ्या काकू

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या एका दुकानात वानखडेकाकू चीज विकायच्या. कोणी ‘गौडा’ मागितलं की आधी उच्चार सुधारायच्या आणि मगच सुरी उचलायच्या. ‘खाउडा म्हण. आडनाव नाही ते, गाव आहे,’ हे त्यांनी मला ऐकवलेलं पहिलं वाक्य. मी तेव्हा इथे शिकायला नुकताच आलो होतो.

काकू काटोलच्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. हॉलंडमधल्या त्या गावी त्या एकदा मुलीबरोबर जाऊन आल्या होत्या. चीज त्या गावात होतच नाही, आसपासच्या शेतांवर होतं आणि गावात फक्त विकायला येतं, हे त्यांना फार आवडलं. ‘संत्री पिकवते आमचं काटोल, नाव होते नागपूरचं. तसंच आहे,’ असं त्या गिऱ्हाइकांना सांगत, अमेरिकन असले तरी.

मला नोकरी लागल्यावर आई पुण्याहून राहायला आली. ती अंडंही खात नाही. काही चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या जठरातला रस घालतात, म्हणून तिनं काकूंना दोनदा विचारलं. हे त्यातलं नाही, असं काकूंनी सांगितलं. आई रोज पोळीबरोबर ते खाऊ लागली.

आठवड्यानं काकू भर बर्फात बसनं घरी आल्या. त्या खेपेचं चीज दुसऱ्याच कंपनीचं, तो रस घातलेलं निघालं होतं आणि त्यांनी लेबल वाचलं नव्हतं. मी त्यांना दारातच हळूच म्हटलं, ‘काकू, संपलंय ते. आईला नका ना सांगू.’

‘आतापर्यंत चूक होती,’ त्या म्हणाल्या. ‘आता गप्प बसले तर ती फसवणूक होईल.’

त्यांनी आईला सगळं सांगितलं आणि हात जोडले. आई उठून आत गेली, चूळ भरून आली आणि खिडकीपाशी बसली. काकू कोट न काढताच परतल्या. त्या दिवशी आई जेवली नाही. मला काकूंचा रागच आला होता.

पंधरा दिवसांनी आईच म्हणाली, दुकानात जाऊ या. काकू तिला पाहून गोंधळल्या. चीजचा एक तुकडा काढून त्यांनी लेबल वाचायला तिच्यापुढे धरलं. आईनं पर्समधून चष्मा काढलाच नाही.

‘तुम्ही वाचलंत ना?’ ती म्हणाली. ‘मग द्या पाव किलो.’