अंथरूण झटकलंस का?

अनोळखी नंबर दिसला की मला फोन उचलवत नाही. मुलगा सैन्यात गेला तेव्हापासूनचं हे दुखणं. काही आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी असाच एक नंबर वाजला, तेव्हा मी मोखाड्याजवळच्या आमच्या आश्रमशाळेत मुलींची अंथरुणं तपासत होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कुणाची तरी गोधडी. 'विमलताई ना? मी नाशिकहून बोलतोय, डॉक्टर नंदाताईंचा भाचा. मावशी दुपारी गेली. हार्ट अटॅक आला...' खरं सांगते, पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. किरण नाही, किरण बरा आहे, एवढंच मला कळलं. मग बाकीचं कळलं. मी मटकन खाली बसले, पण बसण्याआधी जमिनीवर बॅटरी मारून घेतली. ती सवय मला नंदाताईनंच लावली होती.

ती जव्हारला सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आली तेव्हा मी इथे नुकतीच अधीक्षिका झाले होते. ती नाशिकची, एकटी राहणारी, चहात साखर दोनदा घालणारी. मी इथल्याच साखरशेतची. भाताच्या बांधावर, नाचणीच्या खळ्यावर साप बघतच लहानाची मोठी झालेली. साप दिसला की आम्ही बाजूला व्हायचो, तो त्याच्या वाटेनं जायचा, एवढंच. 'तुला भीती कशी वाटत नाही गं?' ती मला विचारायची. ती स्वतः सापाला अतोनात भ्यायची, सापाचं चित्रसुद्धा तिला नको असायचं. मी तिची खूप चेष्टा करायचे. भ्यायला मी तिच्याकडूनच शिकले, आणि ते शिकायला मला एक पहाट पुरली.

वांगणीची जयवंती आमच्याकडे सहावीत होती. आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर. दिवाळीची सुट्टी संपवून बाप तिला सोडायला आला होता आणि शाळेच्या पडवीतच झोपला होता. पहाटे पोरगी उठली ती पोट धरून. घसा दुखतो म्हणाली, मग बोलणं जड झालं. मी जीप काढायला लावली, तिला जव्हारला नेलं. नंदाताईनं तिची हनुवटी वर केली आणि म्हणाली, 'जयवंती, माझ्याकडे बघ बाळा.' जयवंतीनं प्रयत्न केला, पण पापण्या काही वर जाईनात. 'मण्यार चावलीय हिला,' नंदाताई म्हणाली. बाप काकुळतीला आला, 'नाय ओ डॉक्टरीनबाय, पोट दुखं तिचा. रगत नाय, सूज नाय, साप कुठला?' मण्यारीचं असंच असतं, झोपलेल्या माणसाला चावलेलं समजतसुद्धा नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणजे बघायचं तरी कुठे आणि जपायचं तरी कसं?

सापाची लस दिली, पुन्हा दिली. पापण्या आणखी खाली आल्या. मग श्वास मंद झाला. मोठ्या दवाखान्याशिवाय इलाज नव्हता, म्हणून पोरीला घेऊन आम्ही नाशिककडे निघालो. तोरंगणच्या घाटात तिचा श्वास पूर्ण थांबला. तोंडावर मास्क, त्याला जोडलेली हवेची रबरी पिशवी. ती दाबली की पोरीची छाती वर यायची, सोडली की खाली जायची. नंदाताई दमली की मी दाबायचे, मी दमले की ती. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता माझे हात सुटणार. जयवंती वाचली. आज ती दोन मुलांची आई आहे. पण त्या दिवशी नाशिकच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात नंदाताई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, 'विमल, ही लशीनं वाचली की पिशवीनं, मला माहीत नाही. आणि हे मला माहीत नसणं फार भयंकर आहे.'

तिनं मला नंतर समजावून सांगितलं. ही लस ज्या विषापासून बनते ते बरंचसं दूर दक्षिणेतल्या सापांचं. साप नावाला तोच असला तरी प्रदेश बदलला की विषही बदलू शकतं. मग आमच्या डोंगरातल्या मण्यारीवर, फुरशावर ती किती चालते? हे कुणीतरी बसून तपासायला हवं, आणि त्याला पैसा हवा. सापाला भिणारी ही बाई त्या कामाच्या मागे लागली. कित्येक वर्षांनी सरकारी निधी मिळाला. जव्हारात एक खोली, काचपेट्या, विष गोठवून ठेवायचा फ्रीजर, साप हाताळणारी जाणती माणसं. ती स्वतः दारात उभी राहून नोंदी घ्यायची, आत पाऊल टाकायची नाही. काम अर्ध्यावर आलं आणि एके दिवशी वरून फोन आला, मुदतवाढ नाही, प्राधान्यक्रम बदललेत. फ्रीजर परत गेला. रिकाम्या काचपेट्यांत तिनं कोथिंबीर लावली आणि मला म्हणाली, 'घेऊन जा, बिनविषारी आहे.' मी हसले. ती नाही हसली.

आमचं भांडण झालं ते जव्हारजवळच्या शिरपामाळावर. रविवारी आम्ही दोघी तिथे फिरायला जायचो. तेव्हा सीमेवर तणाव होता आणि तिकडे राजस्थानात किरणची तुकडी पुढे सरकली होती. दोन दिवस त्याचा फोन नव्हता. आजूबाजूला पर्यटक फोटो काढत होते, कुणाच्या तरी मोबाईलवर बातम्या मोठ्यानं चालू होत्या, नव्या शस्त्रांच्या. नंदाताई सहज म्हणाली, 'यातला एक गोळा हवेत उडतो ना, तेवढ्या पैशात माझं सगळं काम पुरं झालं असतं.' माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, 'तो गोळा नसेल तर माझा पोरगा तिथे काय दगड मारणार? त्याच्या अंगावरचं जाकीट काढून तुला तुझे साप पाळायचेत का?' ती थांबली. म्हणाली, 'जाकीट नको गं काढायला. त्याला ते मिळालंच पाहिजे. मी एवढंच म्हणते, ज्याची भीती सगळ्यांना वाटते त्याच्यावर पैसा जातो. शत्रूला सगळा देश भितो. मण्यारीला भितात ते फक्त जमिनीवर झोपणारे. त्यांची भीती दिल्लीपर्यंत ऐकू जात नाही.'

'माझी जाते का?' मी विचारलं. 'आणि गेली तरी मला काय उपयोग?' ती काहीतरी बोलायला गेली. तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. मला वाटलं, हरली. उतरताना मी तिच्या बरीच पुढे चालले. दोन दिवसांनी किरणचा फोन आला, तेव्हा ते मी पहिल्यांदा तिलाच कळवलं, आणि भांडण तिथेच मिटलं. पुढे ती रिटायर होऊन नाशिकला गेली. किरणची खबर नसली की मी तिलाच फोन करायचे. ती म्हणायची, 'रेंज नसेल. जेव, झोप. आधी अंथरूण झटक.' हे ती इतक्या वेळा म्हणाली आहे की मला ते ऐकल्याशिवाय झोप यायची नाही.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी किरण रजेवर आला. सकाळी बाहेर जायला निघाला आणि बूट पायात घालायच्या आधी त्यानं ते उलटे करून उंबऱ्यावर आपटले. मग आतून बॅटरी मारून बघितली. मी म्हटलं, 'हे कुठून शिकलास?' तो म्हणाला, 'नंदामावशीनंच सांगितलंय. आई, तिकडे वाळूत फुरशी फार. आमच्यातल्या एकाला चावलं होतं.' मग जरा चाचरला. 'मागच्या रजेत मी नाशिकला जाऊन मावशीला विचारून आलो. आमच्या औषधाच्या पेटीत लस असते, ती इथल्या दवाखान्यात मिळते तीच. मावशी म्हणाली, इकडच्या सापांचं जे कोडं तेच तिकडच्यांचं. ही लस तिकडच्या फुरशाला किती पुरेल ते कुणी नीट सांगू शकत नाही, म्हणून तू जपून राहा. मला मच्छरदाणी दिली, बॅटरी दिली. आणि म्हणाली, यातलं आईला काही सांगायचं नाही. तिला गोळ्यांची भीती आहे तेवढी पुरे.'

शिरपामाळावर ती काय बोलायला गेली होती, हे मला त्या उंबऱ्यावर कळलं. राजस्थानच्या वाळूत फुरशी असतात हे तिला तेव्हाही ठाऊक असणारच. ती एका वाक्यात जिंकली असती. माझ्या पोराचा जीव जाकिटात आहे तसाच त्या अर्धवट राहिलेल्या कामातही आहे, एवढंच तिनं म्हणायचं होतं आणि मी गप्प झाले असते. ती बोलली नाही, कारण भीती म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं आणि ती माझ्या पदरात आणखी घालायची नव्हती. मी पोटभर रडले. किरण बिचारा हातात बूट घेऊन तसाच उभा राहिला.

सैन्याचा पैसा कमी करा असं मी आजही म्हणणार नाही. पोरगा सीमेवर असलेल्या आईच्या तोंडून ते निघत नाही. पण जव्हारच्या त्या खोलीवरून जाताना मी थांबून दाराकडे बघते. खोलीला कुलूप आहे. आत जे कळायचं राहिलं, त्याच्यावर आमच्या मुली झोपतात, आणि माझा मुलगाही.

किरण परत गेल्यापासून आमचं ठरलंय. रोज संध्याकाळी त्यानं एकच शब्द पाठवायचा, 'झटकलं'. रेंज नसेल तर उशिरा येतो, पण येतो. आज हे लिहायला बसले तेव्हा उजेड होता, आता दिवे लागून बराच वेळ झाला आणि अजून काही आलेलं नाही. मघाशी सवयीनं नंदाताईचा नंबर लावला. बंद आहे असं एक बाई सांगत राहिली... रेंज नसेल, असं मी स्वतःलाच मोठ्यानं म्हणून बघितलं, पण माझ्या आवाजात त्याचा काही उपयोग होत नाही. मग बॅटरी घेऊन मुलींच्या खोलीत दुसऱ्यांदा गेले. 'बाय, आताच तं बघलास,' एक जण झोपेतच पुटपुटली. मी तिला उठवलं, गोधडी उचलली, झटकली, पुन्हा घातली. फोन अजून वाजलेला नाही.