हात सुटला नव्हता

त्या नदीवर मी दत्तमहाराजांना हाक मारली आणि ती पोचलीच नाही, असं मी बरेच दिवस मानत होतो. आजही मी या प्रसंगाला चमत्कार म्हणत नाही. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराविषयी लिहिताना तो शब्द वापरायला मला तोंड नाही. पण जे घडलं ते मांडल्याशिवाय राहवतही नाही.

आम्ही चौघे सिंगापूरला एकाच कंपनीत, तिथल्या वुडलँड्स भागात एकमेकांच्या जवळ राहणारे. दरवर्षी एखाद्या लाँग वीकेंडला खाडीवरचा कॉजवे, म्हणजे सीमेवरचा पूल, ओलांडून मलेशियाच्या जंगलात नदीवर गळ टाकायला जायचो. चौघांतल्या विवेकला मासेमारीची हौस नव्हती, पोहणंही बेताचंच. "चल रे, दोन दिवस लॅपटॉप तरी बंद राहील," असं म्हणत मीच त्याला ओढून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीच्या मधोमध गोट्यांच्या एका बेटावर उभे होतो. डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. पाऊस वर डोंगरात कुठेतरी झाला असणार. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला आणि आमचा नावाडी पाक दिन काठावरून ओरडायला लागला. बाकीचे दोघे कसेबसे काठाला लागले. विवेकचा पाय निसटला, मी त्याचं मनगट धरलं आणि आम्ही दोघेही वाहत गेलो. वळणापलीकडे, दाट झाडीतून जाणाऱ्या एका अरुंद फाट्यात. तिथे एक मूळ माझ्या हाताला लागलं. एका हातात मूळ, दुसऱ्या हातात विवेक. मी महाराजांचा धावा करत होतो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग खांदा उखडतोय असं वाटलं, मूळ सैल व्हायला लागलं, आणि मी विवेकचा हात सोडला. त्याने माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही.

त्या मुळाच्या आधाराने कसाबसा काठावर चढून, झाडीतून चालत नावांच्या धक्क्यावर परत आल्यावर मी सांगितलं, "हात सुटला." कुठे, असं विचारल्यावर बेटाजवळच, मुख्य प्रवाहात, असं सांगून टाकलं. इतका वेळ मी त्याला धरून होतो हे कळलं असतं, तर शेवटी काय झालं, हेही कोणीतरी विचारलंच असतं.

बचावपथकाच्या बोटी दोन दिवस मी दाखवलेल्या प्रवाहातच शोधत राहिल्या. विवेकची बायको, मीनलवहिनी, त्याच दिवशी सिंगापूरहून आपल्या भावाला घेऊन आल्या आणि धक्क्यावर बसून राहिल्या. "भाऊजी, शेवटी काही बोलला का हो तो?" एवढंच त्यांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. मला जप करता येईना. ओठांवर नाव आलं की त्याच्या पाठोपाठ ते खोटं यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पथकाचे प्रमुख म्हणाले, आज संध्याकाळी शोध थांबवावा लागेल. तेवढ्यात जंगलात राहणाऱ्या आदिवासींपैकी एक म्हातारी पाठीवर वेताची टोपली घेऊन काठाकाठाने आली. सरळ माझ्यासमोर उकिडवी बसली आणि काहीतरी विचारलं. पाक दिनने त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, "ती विचारते, तू त्याला कुठे सोडलंस?"

तिला कदाचित 'कुठे सुटला' एवढंच विचारायचं असेल. पाक दिनला कदाचित त्यातला फरक माहीत नसेल. पण तो शब्द कानावर पडला आणि माझा सगळा आव गळून पडला. वहिनी चार पावलांवर होत्या. मी आधी मराठीत बोललो, मग इंग्रजीत. "मी सोडला. इथे नाही. वळणापलीकडच्या फाट्यात."

तासाभरात विवेक सापडला. पडलेल्या एका झाडाच्या फांद्यांत अडकला होता. डॉक्टर म्हणाले, काही मिनिटांतच गेला असावा. ते खरं असेल, एवढीच माझी आशा आहे.

"तीन दिवस, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस मी चुकीच्या पाण्याकडे बघत बसले?"

 म्हातारी अजून तिथेच होती. तिने टोपलीतून एक उकडलेला कंद काढला, सोलून वहिनींच्या हातात ठेवला आणि त्या खाईपर्यंत शेजारी बसून राहिली. इतक्या दिवसांत त्यांच्या पोटात गेलेला तो पहिला घास.

काही महिन्यांनी पुण्याहून वहिनींचा फोन आला. "मला तुमचा राग आहे, आणि तो राहणार. पण आईंना त्याचे अंत्यसंस्कार करता आले. नाहीतर त्या जन्मभर दाराकडे डोळे लावून बसल्या असत्या. हे तुम्हाला कळावं म्हणून फोन केला." 

माझी हाक महाराजांनी ऐकली की नाही, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की ज्या सकाळी मी हाक मारायचीही हिंमत गमावली होती, त्या सकाळी कोणीतरी माझ्यासमोर येऊन बसलं. शरण जाणं म्हणजे भार देवावर टाकून आपण मोकळं होणं, असं मी समजत होतो. मी मोकळा झालेलो नाही. आता सकाळी दिवा लावल्यावर काही मागत नाही; जे झालं ते एक शब्दही न बदलता सांगतो. तेवढा वेळ त्यांच्यासमोर उभं राहता येतं, याबद्दल मी कृतज्ञ आहे.