दुसरा ब्रेक

अप्पांचं सगळं आयुष्य स्टिअरिंगच्या शेजारच्या सीटवर गेलं. ते गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा अप्पांच्या. हा दुसरा ब्रेक ते इतक्या अलगद दाबत, की नवशिक्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. मग अप्पा म्हणत, "वा! बरोबर वेळेवर थांबलात." माणूस खूश. शहरातल्या कितीतरी लोकांचा आत्मविश्वास मुळात अप्पांच्या पायातून आलेला होता, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

मग अप्पांची नजर कडेने मिटायला लागली. समोरचं नीट दिसे, बाजूचं नाही. जणू कुणी दोन्ही अंगांनी पडदे ओढत आणले होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेलं परत यायचं नाही आणि उरलेलं किती टिकेल तेही सांगता यायचं नाही. अप्पांनी कुणी म्हणायच्या आत स्वतःच शिकवणी बंद केली, गाडी विकली आणि त्यानंतर ते कुणाच्याही गाडीत बसेनासे झाले. जवळ असेल तिथे पायी जात. लांब जायचं झालं तर बसने, आणि बसमध्ये अगदी मागची जागा धरत, रस्ता दिसणार नाही अशी.

लेकीने एकदा त्यांना आपल्या जुन्या गाडीतून डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचा प्रयत्न केला होता. दोन चौक जेमतेम गेले असतील. अप्पांचा पाय समोरच्या पत्र्यावर असा रुतला, की पोटरीत गोळा आला. ते उतरले आणि उरलेली वाट लंगडत चालले.

"माझ्या चालवण्यात काही चूक झाली का?" तिने मागाहून विचारलं होतं.

"तुझ्यात कसली चूक? मीच तर शिकवलंय. माझ्या पायाला पटत नाही, त्याला मी काय करू?"

हे ती विसरू शकली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर रस्ता बघितला, तो नजर आहे तोवर घराच्या जिन्यासमोरच्या बाकावर बसून भिंत बघणार, हे तिच्या मनाला फार लागलं. धरणाकडे जाणारा वळणावळणांचा रस्ता त्यांना एकदा तरी दाखवायचाच, तेही आपल्या शेजारी बसवून, असं तिने ठरवून टाकलं.

ही लेक बंदरावर क्रेन चालवते. दिवसभर उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि भल्यामोठ्या पेट्या जहाजातून उचलून मुंगीच्या पावलांनी खाली टेकवायच्या. त्या संथपणाचं उट्टं काढायला म्हणून की काय, तिला वेगवान गाड्यांचं वेड. "दिवसभर आभाळात लटकते," ती म्हणे, "घरी येताना तरी जमिनीला चिकटून यावं." नवी स्पोर्ट्स कार परवडणं शक्यच नव्हतं. पण कुणीतरी हौसेने घेतलेली, चार वर्षं मिरवून सोडून दिलेली अशी एखादी मिळेल म्हणून ती बरेच दिवस बघत होती. आई दोघांना हात जोडे. "बाप कायम ब्रेकवर, लेक कायम ॲक्सिलरेटरवर, आणि मी मधल्यामध्ये क्लच! झिजतेय नुसती."

शेवटी दोन गाड्यांवर येऊन गोष्ट अडली. दोन्ही एकाच मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये होत्या. मिस्त्री म्हणजे अप्पांचा जुना विद्यार्थी, अजूनही त्यांना मास्तर म्हणणारा. लेकीने सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अप्पा, तुम्ही येऊन बघाल का? बसू नका, नुसतं बघा."

अप्पा रविवारी सकाळी छत्री टेकत टेकत चालत गॅरेजमध्ये पोचले. ती त्यांच्याआधीच येऊन बसली होती.

एक काळी, एक चंदेरी. काळी रुंद, गुरगुरणारी. चंदेरी लहान, बुटकी, दिव्यांचे डोळे अर्धवट मिटल्यासारखे.

"ताकद म्हणाल तर काळीला तोड नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "आठ सिलिंडर. पाय टेकवला की मान मागे. पण आधीच्या मालकाने इंजिनाच्या कॉम्प्युटरशी खेळून ताकद आणखी वाढवलीय, सायलेन्सरही बदललाय. वरून सगळं झकास, आत काय काय ताणलं गेलंय ते देव जाणे. शिवाय रात्रभर उभी राहिली की मागचं एक चाक खाली बसतं. सस्पेन्शनमधली हवा गळते."

"म्हणजे माझ्या गुडघ्यासारखं," अप्पा म्हणाले. "आणि ही धाकटी?"

"धाकटी कसली, वयाने मोठी आहे ती. ताकद कमी, गिअर हाताने टाकायचे. पण एका स्क्रूलाही कुणी हात लावलेला नाही. इंजिन सीटच्या पाठीमागे, त्यामुळे वळणावर गाडी कशी कमरेतून वळते. भीती एकच. इंजिनात एक बेअरिंग आहे, ते गेलं तर इंजिनच घेऊन जातं. आधीच बदलून टाकलं की मग काळजी नाही."

अप्पांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी काळीचं दार उघडलं, छत्री बाजूला ठेवली आणि वाकून ब्रेकच्या पेडलवर बोटं फिरवली. मग चंदेरीच्या.

"हिचा मालक घाईतला माणूस होता," ते काळीकडे मान करून म्हणाले. "ब्रेकचं रबर एका कडेने पार गुळगुळीत झालंय. तिरपा पाय मारायचा. चंदेरीवाल्याचं बघ, सगळीकडे सारखं झिजलंय. शांत माणूस. किंवा बायको शेजारी बसत असेल."

मिस्त्री खो खो हसला. लेकही हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

तिने दोन्ही गाड्या फिरवून आणल्या. आधी काळी, मग चंदेरी. अप्पा गॅरेजच्या दारात पालथ्या टोपल्यावर बसून होते. गाडी बाहेर पडताना आणि आत येताना ते मान वळवून वळवून बघत. नजर अरुंद झाल्यापासून त्यांना बघायचं म्हणजे पक्ष्यासारखी सगळी मानच फिरवावी लागे.

"काळी घेते," उतरल्या उतरल्या ती म्हणाली.

मिस्त्रीने चमकून तिच्याकडे पाहिलं. मग टेप घेतली आणि काळीत शिरला. स्टिअरिंगकडून नाही, शेजारच्या बाजूने. सीटसमोर पाय ठेवतात तिथे खाली डोकं घालून तो मापं घ्यायला लागला.

"अरे, तिथे काय उंदीर शिरलाय?" अप्पांनी विचारलं.

मिस्त्रीने डोकं बाहेर काढलं. लेकीने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण तोवर व्हायचा तो उशीर झाला होता.

"ताईंनी सांगितलंय, मास्तर. इथे तुमच्यासाठी दुसरा ब्रेक बसवायचा. काळीत जागा आहे, केबल ओढून जमेल. चंदेरीत नाही जमत. तिथे मुख्य चौकटच कापावी लागेल, ते पाप मी करणार नाही."

अप्पा आधी हसले. असल्या गाडीला शिकवणीच्या गाडीसारखा दुसरा ब्रेक! "अगं, लोक काय म्हणतील? वाघाला कुणी घंटा बांधतं का?"

"म्हणू देत. तुम्ही बसाल ना मग?"

अप्पांचं हसू ओसरलं. त्यांनी छत्री उचलली, पुन्हा ठेवली.

"तुला चंदेरी आवडलीय."

"नाही. म्हणजे दोन्ही बऱ्या आहेत. पण काळीत—"

"मला शिकवू नकोस. इतकी वर्षं मी रस्ता कमी आणि माणूसच जास्त बघितलाय. गाडी मनासारखी चालली की तुझा डावा खांदा खाली येतो. पहिल्यांदा गिअर नीट पडला होता ना तुझा, तेव्हापासूनचं आहे ते. आत्ता काळी घेऊन आलीस तेव्हा खांदे कानाला लागले होते. चंदेरी घेऊन आलीस तेव्हा नव्हते."

तिचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. गाडीचं माप घेतलं, इंजिनाचं घेतलं, मालकांचं घेतलं. आपलंही कुणी घेत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मिस्त्री, टेप आवर," अप्पा म्हणाले. "मी चंदेरीत बसतो."

"अप्पा, तिच्यात ब्रेक बसणार नाही. ऐकलंत ना?"

"डोळे अधू झालेत, कान नाही."

बसणं तसं सोपं नव्हतं. सीट जमिनीला टेकलेली. मिस्त्रीने एका बाजूने धरलं, लेकीने दुसऱ्या. "ही गाडी आहे की आंघोळीचा टब?" असं म्हणत अप्पा एकदाचे आत उतरले. पाय पुढे सोडले आणि लगेच आखडून घेतले. समोर नुसती सपाट चटई होती. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग वाकून दोन्ही बूट काढले आणि मांडीवर घेतले.

"बूट का काढले?"

"अनवाणी असला की जरा माणसात राहतो," अप्पा पायाकडे बघत म्हणाले. "चल. आणि माझ्याकडे बघू नकोस, रस्त्याकडे बघ."

शहरातून बाहेर पडेपर्यंत तिने जीव मुठीत धरूनच गाडी चालवली. प्रत्येक चौकात अप्पांची बोटं चटईत रुतत. एकदा समोरून एक ट्रक वाकडा आला तेव्हा बूट मांडीवरून खाली पडले. तिने थांबू का म्हणून विचारलं. अप्पांनी नुसती मान हलवली, नाही.

शहर संपलं, रस्ता चढायला लागला. मग तिने पाय जरा खाली सोडला. पाठीमागचं इंजिन तालात आलं, आणि वळणं एकामागून एक येऊ लागली, आपणहून बाजूला सरावीत तशी. एका वळणावर अप्पांनी तोंड उघडलं. तिला वाटलं, आता काही चूक काढणार. पण ते म्हणाले, "या रस्त्यावर मी पाचपन्नास लोकांना तरी घाट शिकवला असेल. ही झाडं कधी बघितलीच नव्हती. सारखं शेजारच्याच्या पायाकडे लक्ष."

आणि ते बाहेर बघायला लागले. मान इकडे, मान तिकडे. पायाचं ती विसरली. बहुतेक तेही विसरले असावेत.

धरणाच्या आधीचं शेवटचं वळण आलं तशी ती उत्साहाने म्हणाली, "अप्पा, आता नीट बघा हं, पलीकडे सगळं पाणी दिसेल." उत्तर आलं नाही. तिने पटकन बाजूला पाहिलं. अप्पांची मान खिडकीला टेकली होती, तोंड अर्धवट उघडं होतं. दोन्ही पाय सैल सुटून चटईवर पसरले होते, चुकार, एकमेकांपासून लांब. आईच्या बोलण्यात नेहमी येई, की हा माणूस चालत्या गाडीत कधी डुलकीसुद्धा घेत नाही, लग्नाच्या दिवशीही घेतली नाही.

तिने गाडी हलके हलके कडेला आणली आणि उभी केली. पाणी समोर लखलखत होतं, पार दूरवर. ती त्यांना उठवणार होती. तिने हातही पुढे केला, आणि मागे घेतला. धरण कुठे पळून जात नव्हतं. पुढच्या रविवारीही त्यांना आणता येणार होतं.

फोन थरथरला. मिस्त्री.

"ताई, गाडी फिरवायला नेलीत की पळवलीत? दुपार झाली. घेताय का नाही?"

"घेतली," ती कुजबुजली. "हळू बोला."